आफ्रिका-युरोप युवा कामात नव्याने उतरताय? शिक्षणाच्या प्रश्नाचा पाठपुरावा कसा करायचा, पायरी पायरीने

मी मूळची नाशिकची, सध्या जर्मनीत असते आणि गेली चार वर्षं इथल्या एका छोट्या युवा गटात काम करतेय. आमची जोडी पश्चिम केनियातल्या तशाच एका गटाशी आहे, दोघं मिळून शाळा आणि शिक्षणाच्या प्रश्नांचा पाठपुरावा करतो. हल्ली मराठी मुलंमुली विचारतात की ताई, यात शिरायचं कसं. कोणी म्युनिकला मास्टर्स करतंय, कोणी नैरोबीत लहानाचं मोठं झालंय, कोणी पुण्यात कॉलेजला आहे आणि वर्गात टांझानिया-सुदानची मुलं आहेत, त्यांच्याकडून ऐकलंय. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. वह्या वाटणं, शाळेची भिंत रंगवून देणं ही चांगली कामं आहेत, पण ती म्हणजे पाठपुरावा नाही. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला तो बदलायला लावणं आणि बदलला की अंमलात आला का ते बघत राहणं, हे ते काम. आपल्या लोकांना हे समजायला अवघड जाऊ नये कारण १८८२ साली जोतीराव फुल्यांनी ब्रिटिश सरकारने शिक्षणाची चौकशी करायला नेमलेल्या हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं ते नेमकं हेच होतं, सरकारी तिजोरीत पैसा येतो रयतेच्या कष्टातून आणि शिक्षणावर खर्च होतो वरच्या वर्गांवर, म्हणून प्राथमिक शिक्षणाकडे पैसा वळवा. पैसा येतो कुठून आणि जातो कुठे हा प्रश्न आज नैरोबी, अक्रा, ब्रसेल्स सगळीकडे तितकाच लागू पडतो, मी तर प्रत्येक नव्या मुलाला आधी हाच प्रश्न विचारायला शिकवते.

पायरी १: कागद वाचा, आणि 'तरुण' कोण ते समजून घ्या

ऐकायला कंटाळवाणं वाटेल पण इथूनच सुरुवात करा. आफ्रिकन युनियन (एयू, म्हणजे आफ्रिकेतल्या देशांची संघटना) हिची आफ्रिकन युथ चार्टर म्हणून एक सनद आहे, २ जुलै २००६ ला गांबियाच्या बांजूल शहरात मंजूर झाली, ऑगस्ट २००९ पासून लागू आहे. यात तरुण म्हणजे १५ ते ३५ वयाचे. युरोपियन युनियनच्या (ईयूच्या) युवा कार्यक्रमांत मात्र बहुतेक ठिकाणी ३० ला गाडी थांबते आणि संयुक्त राष्ट्रं आकडेवारीसाठी १५ ते २४ धरतात. म्हणजे एकाच बैठकीत ३४ वर्षांची केनियन कार्यकर्ती तरुण असते आणि ३४ वर्षांचा जर्मन नसतो. ही गंमत म्हणून सांगत नाहीये, अर्ज करताना यावर माणसं बाद होतात, तर ते आधी तपासा.

सनदेतली दोन कलमं तर जवळजवळ पाठच करा. कलम ११ तरुणांच्या सहभागाबद्दल आहे, संसदेत आणि बाकी निर्णय होतात तिथे तरुणांना जागा द्या असं त्यात सरकारांवर बंधन आहे, आणि कलम १३ शिक्षण आणि कौशल्यांबद्दल. ज्या देशाने सनद मंजूर केलीय त्या देशाच्या अधिकाऱ्यासमोर तुम्ही बसता तेव्हा "आम्हाला असं वाटतं" म्हणण्यापेक्षा "तुमच्या देशाने हे मान्य केलंय" म्हणणं फार वेगळं पडतं. युरोपच्या बाजूने २०२२ च्या ऑक्टोबरात युरोपियन कमिशनने काढलेला युवा कृती आराखडा वाचा, परराष्ट्र आणि विकासाच्या कामात तरुणांना कसं घ्यायचं त्याबद्दलचा आहे, २०२७ पर्यंतचा. आणि पैशाचा विषय असेल तर २०१५ ची इंचॉन घोषणा, म्हणजे जगभरच्या देशांनी शिक्षणाबद्दल मान्य केलेला जाहीरनामा, आणि तिच्यासोबतचा आराखडा, शिक्षणावर देशाच्या उत्पन्नाच्या ४ ते ६ टक्के किंवा सरकारी खर्चाच्या १५ ते २० टक्के पैसा घाला हे त्यातलं वाक्य तुम्हाला शंभर वेळा लागणार आहे.

पायरी २: मागणी छोटी करा, अजून छोटी करा

नवीन माणूस येतो आणि म्हणतो मला आफ्रिकेतल्या शिक्षणासाठी काम करायचंय. आफ्रिकेत ५४ देश आहेत. कुठल्या देशात, कुठल्या मुलांसाठी, नेमकं काय बदलायचं हे एका वाक्यात सांगता येईपर्यंत कुणालाही भेटायला जाऊ नका.

नायजेरियाचं उदाहरण मला फार आवडतं. तिथल्या तरुणांनी 'नॉट टू यंग टू रन' म्हणून मोहीम चालवली, यियागा आफ्रिका ही संस्था त्यात पुढे होती. त्यांचा राग खूप गोष्टींवर असणार, भ्रष्टाचार, बेकारी, विद्यापीठांचे संप, पण मोहिमेची मागणी काय, तर निवडणुकीला उभं राहायची वयाची अट कमी करा. एवढंच. त्यासाठी संसदेत, राज्यांच्या विधिमंडळांत दारोदार फिरले आणि ३१ मे २०१८ ला राष्ट्राध्यक्षांची सही झाली, राष्ट्राध्यक्षपदासाठी ४० वरून ३५, प्रतिनिधीगृह आणि राज्य विधिमंडळांसाठी ३० वरून २५. गव्हर्नर आणि सिनेटची अट काही तेव्हा खाली आली नाही. पण जे मिळालं ते कायद्यात बसलं.

शिक्षणातलं बघायचं तर सिएरा लिओन. २०१५ मध्ये तिथे गरोदर मुलींना शाळेत बसायला बंदी घातली गेली. संघटना प्रादेशिक न्यायालयात गेल्या, डिसेंबर २०१९ मध्ये इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या गटाच्या न्यायालयाने बंदी भेदभावाची आहे असा निकाल दिला आणि मार्च २०२० मध्ये सरकारने ती उठवली. 'मुलींचं शिक्षण' हा विषय झाला, 'ही बंदी उठवा' ही मागणी झाली. मला वाटतं हा फरक एकदा कळला की अर्धं काम शिकलात.

पायरी ३: हे कुणाच्या हातात आहे ते शोधा

इथे आम्ही स्वतः तोंडावर आपटलोय म्हणून सांगते. पहिल्या वर्षी आम्ही आणि आमचे केनियन साथी, माध्यमिक शाळेत विज्ञानाला शिक्षक नाहीत म्हणून छान निवेदन तयार करून एका काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) कार्यालयात गेलो, दीड तास बसलो, आणि तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की माध्यमिक शाळा आमच्याकडे नाहीतच. बरोबर होतं त्यांचं. केनियाच्या २०१० च्या संविधानात बालवाडीचं शिक्षण काउंटीकडे आहे, प्राथमिक-माध्यमिक राष्ट्रीय सरकारकडे, आणि शिक्षकांची भरती टीचर्स सर्व्हिस कमिशन करतं. वर्गखोली बांधायची किंवा गरीब मुलांना शिष्यवृत्ती हवी तर मतदारसंघ विकास निधी असतो, म्हणजे खासदाराकडे जावं लागतं, आपल्याकडच्या आमदार-खासदार निधीसारखंच समजा. आमचे सहा महिने गेले. तुमचे जाऊ नयेत.

तेव्हा एका मोठ्या कागदावर आराखडा काढा, कायदा कोण करतं, पैसा कोण देतं, अंमलबजावणी कोण करतं आणि हे तिघं कोणाचं ऐकतात. युरोपियन पैशाचा प्रश्न असेल तर तो पैसा ब्रसेल्समधून येतो, विकास भागीदारी बघणाऱ्या खात्याकडून, पण कुठल्या देशात कशावर खर्च व्हावा यात तिथल्या ईयू डेलिगेशनचा, म्हणजे ईयूच्या वकिलातीसारख्या कार्यालयाचा, मोठा हात असतो, प्रत्येक राजधानीत जवळजवळ असतंच एक. २०१९ ते २०२४ या काळात हे खातं आयुक्त (म्हणजे ईयूच्या मंत्र्यासारख्या) युट्टा उर्पिलाइनेन यांच्याकडे होतं, त्या स्वतः शिक्षिका होत्या, त्यांनी खात्याच्या पैशातला शिक्षणाचा वाटा ७ टक्क्यांवरून किमान १० टक्क्यांवर नेण्याचा शब्द दिला होता. असे शब्द वहीत लिहून ठेवायचे असतात, कारण आयुक्त बदलतात आणि नव्या माणसाला जुना शब्द आठवून द्यायचं काम आपलं.

वेळही इथेच बघा. केनिया, युगांडा, टांझानिया यांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि अर्थसंकल्पाचं भाषण जूनमध्ये. लोक भाषण ऐकून चिडतात आणि मग निवेदन लिहितात, पण तोवर आकडे ठरून गेलेले असतात, खरं बोलणं त्याच्या सहा-आठ महिने आधी करायचं. घाना-नायजेरियाचं वर्ष जानेवारीत, दक्षिण आफ्रिकेचं एप्रिलमध्ये, म्हणजे प्रत्येकाचं कॅलेंडर वेगळं. ईयूचा मोठा आराखडा सात वर्षांचा, आत्ताचा २०२१ ते २०२७, पुढचा २०२८ पासून.

पायरी ४: जोडीदार शोधा, आणि पेन त्यांच्या हातात द्या

सगळ्यात जास्त मला याबद्दल बोलायचंय.

आफ्रिका-युरोप असं एकत्र म्हणायला सोपं आहे पण टेबलाच्या दोन बाजू सारख्या नसतात. जानेवारी २०२० मध्ये दावोसला पाच तरुण हवामान कार्यकर्त्या एकत्र फोटोला उभ्या राहिल्या, चार युरोपियन आणि एक युगांडाची व्हनेसा नकाते, आणि एका मोठ्या वृत्तसंस्थेने फोटो छापताना नकातेला कापून टाकलं. नंतर माफी मागितली, पण तिने तेव्हाच सांगितलं की तुम्ही फक्त फोटो नाही, एक खंड पुसलात. हे मुद्दाम कुणी ठरवून केलं असं नाही, पण छोट्या प्रमाणात हे आपल्या कामात रोज होतं. कॉल कोण लावतं, भाषा कोणाची, अर्जावर पहिलं नाव कोणाचं, पैसे कोणाच्या खात्यात येतात, फोटोत मधे कोण.

आम्ही काय करतो ते सांगते. मागणी काय असावी हे केनियातला गट ठरवतो, आम्ही नाही. शाळा त्यांची, मुलं त्यांची, परिणाम भोगायचे त्यांना. मसुदा आधी ते लिहितात. मीटिंगची वेळ त्यांच्या कामाच्या दृष्टीने ठरते, त्यातल्या दोघी दिवसा दुकानात बसतात म्हणून संध्याकाळी. कॉलला डेटा लागतो आणि डेटाला पैसे लागतात, हा खर्च आम्ही प्रत्येक प्रकल्पात वेगळा लिहितो आणि महिन्याच्या सुरुवातीलाच एम-पेसावर (मोबाईलवरून पैसे पाठवायची तिकडची सेवा) पाठवतो, नंतर बिल द्या मग देतो असं नाही. बँकेतून छोटी रक्कम पाठवली तर खर्चातच बरीच कापली जाते, मोबाईलवर ती दहा मिनिटांत पोचते. आणि मानधन. युरोपातल्या समन्वयकाला पगार आणि तिकडच्या समन्वयकाला 'स्वयंसेवक' म्हणून चहापाणी असं असेल तर ते काम सुरू करू नका, प्लीज.

भाषेचंही तेच. केनियात इंग्रजी चालते पण गावात पालकांची बैठक असेल तर स्वाहिली किंवा तिथली लुओ, लुह्या. सेनेगल-कोट दिव्वारला फ्रेंच, अंगोला-मोझांबिकला पोर्तुगीज. दक्षिण आफ्रिकेत १६ जून १९७६ ला सोवेटोची शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली ती भाषेवरून, गोऱ्या राज्यकर्त्यांच्या आफ्रिकान्स भाषेच्या माध्यमाची सक्ती होती, पोलिसांनी गोळ्या घातल्या, मुलं मेली. शिक्षण कुठल्या भाषेत हा प्रश्न तिथे रक्ताने लिहिलेला आहे, मातृभाषेतून शिकलेल्या आपल्यासारख्यांना ते आतून कळायला हवं. १६ जून आता आफ्रिकन बालक दिन म्हणून पाळतात.

अजून एक, आणि हे मी हात जोडून सांगते. धोका सारखा नसतो. जून २०२४ मध्ये केनियात अर्थविधेयकाविरुद्ध तरुण रस्त्यावर आले, विधेयक मागे घेतलं गेलं पण त्याआधी कितीतरी तरुण जिवानिशी गेले, काहींना उचलून नेलं. तुम्ही हांबुर्गमध्ये बसून जोडीदाराचा फोटो, नाव, शाळा टाकता, लाईक येतात, आणि त्याची किंमत तिकडे कुणीतरी मोजतं. प्रत्येक फोटोला प्रत्येक वेळी विचारा, मागच्या वेळी हो म्हणाली होती म्हणून या वेळी हो असं धरू नका.

पायरी ५: एक पान

निवेदन एका पानाचं. वर मागणी एका वाक्यात, खाली तुमच्याकडचे तीन-चार आकडे तुम्ही स्वतः मोजलेले (अमुक शाळेत इतक्या मुलींमागे एक शौचालय, इतके महिने गणिताला शिक्षक नाही), मग कुठल्या कायद्याने किंवा सनदेने हे त्यांचं काम आहे, आणि शेवटी कधीपर्यंत उत्तर हवं ती तारीख. जागतिक आकडे अधिकाऱ्याला पाठ असतात, त्याच्या भागातल्या सहा शाळांचे आकडे त्याच्याकडे नसतात. सह्या, संपर्क, झालं.

पायरी ६: आत कसं शिरायचं

दारं आहेत, हे आधी सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं ओळख लागते. २०१७ मध्ये कोट दिव्वारमधल्या आबिजानला आफ्रिका-युरोप नेत्यांची शिखर परिषद झाली, विषयच तरुणांमध्ये गुंतवणूक हा होता, त्याआधी ऑक्टोबरमध्ये तिथेच युवा परिषद भरली आणि आफ्रिका, युरोप आणि डायस्पोरातल्या (आफ्रिकेबाहेर राहणाऱ्या आफ्रिकी मंडळींतल्या) ३६ तरुणांच्या एका गटाने शिक्षण, रोजगार, शासन, हवामान वगैरे विषयांवर ठोस प्रस्ताव लिहून नेत्यांसमोर ठेवले. त्यातूनच पुढे २०१८ मध्ये एयू-ईयू युथ कोऑपरेशन हब उभं राहिलं, ४२ तरुण तज्ज्ञांचं, काही प्रस्ताव प्रत्यक्ष करून बघायला. म्हणजे लिहिलेल्या कागदातून काहीतरी उभं राहतं, वेळ लागतो पण राहतं.

आज नव्या माणसासाठी मी असं सुचवेन. युरोपात राहत असाल तर आधी गावातल्या एखाद्या युवा संघटनेत जा, इरॅस्मस प्लसच्या युवा देवाणघेवाणीत किंवा युरोपियन सॉलिडॅरिटी कोअरमध्ये (दोन्ही ईयूचेच कार्यक्रम, दुसरा स्वयंसेवेचा) नागरिकत्वच लागतं असं नाही, तिथे कायदेशीर राहत असाल तरी बऱ्याचदा चालतं, त्यामुळे आपल्या मराठी विद्यार्थ्यांनी आधीच हात वर करू नयेत, अट वाचा. युवा संवादाच्या स्थानिक बैठका असतात तिथे बोला. आफ्रिकेत असाल तर तुमच्या देशातल्या ईयू डेलिगेशनचं युथ साउंडिंग बोर्ड, म्हणजे तरुणांचं सल्लागार मंडळ, आहे का बघा, काही देशांत आहे. ब्रसेल्सच्या खात्याचंही एक आहे, २५ जणांचं, १८ ते ३० वयाचं, अर्ज मागवतात तेव्हा भरा. एक नाकारला की दुसरा भरा, माझे तीन नाकारले गेले होते.

आता व्हिसा. आमच्या किती चांगल्या साथींची खुर्ची परिषदेत रिकामी राहिली ते आठवलं की अजून घसा दाटतो, म्हणून सविस्तर. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच चालतो तो) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि सहा महिने म्हणजे खरंच सहा महिने आधी सुरू करा, कारण नियमाने निर्णय १५ दिवसांत असला तरी तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो आणि अपॉइंटमेंटच कित्येकदा आठवडेच्या आठवडे मिळत नाही. ज्या देशात जायचं त्याची वकिलात तुमच्या देशात नसेल तर शेजारच्या देशात जावं लागतं, त्याचं बसभाडं आणि राहणं आयोजकांनी द्यायला हवं, ते आधी लेखी मागा. फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. पण ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते, ना-नफा संस्थेचे प्रतिनिधी असलेले २५ किंवा त्याहून कमी वयाचे तरुण, ना-नफा संस्थेनेच भरवलेल्या परिषदेला किंवा शैक्षणिक कार्यक्रमाला जात असतील तर ही फी माफ आहे, नियमातच लिहिलंय. निमंत्रण पत्रात हे सगळं स्पष्ट येऊ द्या, कार्यक्रम ना-नफा आहे, अर्जदार अमुक संस्थेचा प्रतिनिधी आहे, वय, तारखा, राहणं-खाणं-तिकीट कोण देणार. ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. परत येणार याचा पुरावा लागतो, नोकरीचं पत्र, कॉलेजचं पत्र, आणि बेकार तरुणांच्या प्रश्नावर बोलायला निघालेल्या बेकार तरुणाकडे नोकरीचं पत्र कुठून येणार, तर अशा वेळी संस्थेच्या कामाचं, पुढच्या सहा महिन्यांच्या जबाबदारीचं सविस्तर पत्र जोडा.

आणि खरं तर बैठक तिकडेच घ्या ना. नैरोबी, अक्रा, किगाली. रवांडाच्या या राजधानीत, किगालीला, जायला आफ्रिकेतल्या कुठल्याच देशाच्या माणसाला आधीपासून व्हिसा काढत बसावं लागत नाही, आम्ही गेल्या वर्षी तसंच केलं आणि पहिल्यांदा एकही खुर्ची रिकामी नव्हती.

पायरी ७: खोलीत गेल्यावर

तीन मिनिटं मिळतात, कधी दोनच. त्यात आधी मागणी सांगा, मग गोष्ट, उलटं केलं तर मागणीच्या आधी वेळ संपते. फोटो काढून, टाळ्या वाजवून पाठवणी करतात तेव्हा एकच प्रश्न विचारायचा, आज आम्ही जे बोललो ते कोण लिहून घेतंय आणि पुढच्या कुठल्या कागदात येणार. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, तिच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला ठेवणं आणि नावापुरतं बसवणं, यांना ते सहभाग मानतच नाहीत. तुम्ही कुठल्या पायरीवर उभे आहात ते त्या एका प्रश्नाच्या उत्तरावरून लगेच कळतं.

पायरी ८: परत आल्यावर

आठ दिवसांत आभाराचं पत्र, त्यात त्यांनी काय कबूल केलं ते त्यांच्याच शब्दांत. महिन्याने फोन. तीन महिन्यांनी परत. अधिकारी बदलला तर नव्याला जुन्या पत्राची प्रत. आमच्या त्या विज्ञान शिक्षकाच्या मागणीचं, योग्य कार्यालयात गेल्यानंतरही, उत्तर यायला चौदा महिने लागले आणि सहापैकी दोन शाळांना शिक्षक मिळाले. उरलेल्या चार शाळांची फाईल उघडीच आहे.

आणि ज्या गावातून आकडे घेतले त्या गावात जाऊन सांगायचं, त्यांच्या भाषेत, शाळेच्या पटांगणात, काय झालं आणि काय नाही झालं. आम्ही पहिल्या वर्षी हे केलं नाही आणि दुसऱ्या वर्षी पालक माहिती द्यायला तयार नव्हते, म्हणाले तुम्ही विचारून जाता आणि परत येत नाही.

सुरुवातीची तारीख शोधत असाल तर २४ जानेवारी आंतरराष्ट्रीय शिक्षण दिन, १६ जून आफ्रिकन बालक दिन, १ नोव्हेंबर आफ्रिका युवा दिन, या दिवशी मंत्री आणि डेलिगेशनवाले स्वतःहून तरुणांना भेटायला तयार असतात. पण १६ जूनला भेटायचं तर वेळ मार्चमध्येच मागा, आणि वेळ मागायचं पत्र केनियातल्या गटाच्या लेटरहेडवर जाऊ द्या, तुमच्या नाही.